वैशाखात अजिंठा

अजिंठ्याला कधी जावं असं कुणी विचारलं की मी सांगते, वैशाखात तेवढं जाऊ नका. ती दरी घोड्याच्या नालासारखी वाकलेली आहे, तिन्ही अंगांनी काळा कातळ, आणि तो कातळ सकाळपासून तापायला लागतो तो रात्रीपर्यंत निवत नाही. श्रावण-भाद्रपदात जा, डोंगर हिरवागार असतो, वाघूर नदीला पाणी असतं, धबधबा कोसळत असतो. नाहीतर पौषात जा, गोधडी आणि स्वेटर घेऊन. हे सगळं मला नीट माहीत आहे. तरी मी आयुष्यात एकदाच अजिंठा बघितला तो ऐन वैशाखात, आणि तोही डोळ्यांनी अधू झालेल्या आईला हाताला धरून. आळीतली माणसं मला वेडी म्हणाली. म्हणोत बापडी! तसला दिवस माझ्या वाट्याला पुन्हा आला नाही.

पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. औरंगाबादेत आता ज्याला क्रांती चौक म्हणतात त्याच्या मागच्या अंगाला आम्ही भाड्यानं राहायचो. आमचे हे एस.टी.च्या ऑफिसात कारकून. माझं माहेर बिडकीनचं, शेतकऱ्याचं घर. वडील गेल्यावर आई भावाकडं असायची, पण तीन-चार वर्षांपासून तिची नजर कमी कमी होत गेली, तेव्हा भावानं तिला माझ्याकडं आणून सोडलं. शहरात डॉक्टर आहे, दाखवून घे म्हणाला. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. अजून पिकलेला नाही, दिवाळीपर्यंत पिकेल, मग थंडीत ऑपरेशन करू म्हणाले. तेव्हा डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करायचे, उन्हाळ्यात जखम चिघळते अशी समजूत होती.

आई ऑपरेशनला तयारच होईना. बिडकीनला आमच्या शेजारच्या एका बाईचा डोळा ऑपरेशनानंतर गेला होता, ते तिच्या मनात पक्कं बसलेलं. मी समजावून सांगितलं, रागावले, रडलेसुद्धा. ती आपली भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "राहू दे गं. आता बघायचं काय राहिलंय माझं?"

एक दिवस मी फारच चिडले. म्हटलं, "खरंच काहीच राहिलं नाही का बघायचं? एक तरी गोष्ट सांग."

आई भिंत सोडून सरळ बसली. मग म्हणाली, "एक राहिलीय. ती आरशातली बाई."

आता ही आरशातली बाई कोण ते सांगते. आईचं माहेर फर्दापूर, म्हणजे अजिंठ्याच्या पायथ्याशी. तिचे वडील, माझे आजोबा, निजामाच्या राज्यात लेण्यांवर आरसा धरायचं काम करायचे. लेण्यांत आत मिट्ट काळोख. दिवा नेला तर धुरानं चित्रं खराब होतात. म्हणून बाहेर उन्हात एक माणूस मोठा आरसा घेऊन उभा राहायचा आणि आरशातून ऊन दारातून आत टाकायचा. आत दुसरा माणूस पांढरं कापड घेऊन बसलेला असायचा. ऊन त्या कापडावर पडायचं, तिथून उजेड भिंतीवर चढायचा, आणि साहेबलोक चित्रं बघायचे. आजोबा बाहेरचे. दिवसभर उन्हात, हात न हलवता. आई लहान असताना त्यांच्याबरोबर जायची, परकरानं आरशावरची धूळ पुसायची, त्यांचा हात भरून आला की आरशाची एक कड धरायची. आतून आवाज यायचा, "वर! थोडं खाली! डावीकडं... थांब!" आणि हे दोघं बाहेर आरसा हलवायचे.

आत जायची मुभा नव्हती. साहेब, मेमसाहेब, मोठे पाहुणे आत जायचे, अनवाणी पोरीला कोण आत सोडतं? आई विचारायची, बाबा, आपलं ऊन आत कुठं पडतं? आजोबा सांगायचे, "आत एक बाई हाय, काळीसावळी. हातात आरसा घेऊन तोंड बघत असती. तिला अंधारात दिसत नाय, म्हणून आपण उजेड देतो." खुद्द त्यांनीही ती बाई धड बघितली नव्हती, आतल्या माणसानं सांगितलेलं ते लेकीला सांगायचे. आईचं लवकर लग्न झालं, ती बिडकीनला आली, पुढं संसार, शेणपाणी, बाळंतपणं. माहेरचंही कुणी उरलं नाही. बाई बघायची राहूनच गेली.

"ती बाई दाखव मला," आई म्हणाली, "मग डोळ्याचं काय करायचं ते कर. मग गेला तरी जाऊ दे."

मला काय झालं काय सांगू! मी उठून उभीच राहिले. म्हटलं, ठरलं. बाई बघायची, आणि मग मुकाट्यानं ऑपरेशनला बसायचं. शब्द दे. तिनं माझ्या हातावर हात मारला.

संध्याकाळी हे घरी आल्या आल्या मी सांगून टाकलं. ह्यांनी टोपीसुद्धा काढली नव्हती. म्हणाले, "अजिंठा? या दिवसात? अगं, तिथं पक्षी उडायचा थांबतो उन्हानं. श्रावणात जाऊ की."

आई आतल्या खोलीतून म्हणाली, "श्रावणात आभाळ असतं, जावईबापू. ऊन नसलं की आरसा काय कामाचा? पावसाळ्यात आमच्या घरी चूल अर्धीच पेटायची."

"मग दिवाळीनंतर. हवा छान असते."

"तवर मला काय दिसणार? आत्ता हात दिसतोय, उद्या तोबी दिसायचा नाय."

हे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, बरोबर बोलतेय ती. ऊन जितकं कडक तितका उजेड जास्त, आणि हिच्या डोळ्यांना उजेडच पाहिजे. यापेक्षा कडक ऊन वर्षात कधी मिळणार आहे? आरसेवाल्याची लेक ती, तिच्या हिशेबात ऊन म्हणजे दिसणं, आणि मी तिची लेक. आम्हा दोघींच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. ह्यांनी शेवटी टोपी काढली आणि म्हणाले, "मला सुट्टी मिळायची नाही. तुम्ही मायलेकी जा. पहिल्या गाडीत पुढची जागा सांगून ठेवतो."

मग जी तयारी सुरू झाली! चार दिवस माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. मी लग्नानंतर औरंगाबाद सोडून कुठं गेले होते? बिडकीन आणि फार तर पैठण, नाथषष्ठीला. मी दशम्या केल्या, दुधात पीठ मळून, म्हणजे दिवसभर मऊ राहतात. शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. कैऱ्या उकडून पन्ह्याचा गर काढून बाटलीत भरला. दोन कांदे आईच्या कनवटीला, दोन माझ्या, ऊन लागू नये म्हणून. जुन्या धोतराचे दोन पंचे, ओले करून डोक्यावर घ्यायला. छत्री घेतली तर आई हसायला लागली. "उन्हाळ्यात छत्री? पाऊस पडणार हाय का?" मी म्हटलं, उन्हाची छत्री. "मग मी घेणार नाय. बाबा उभं राहायचे उघड्यावर." अशी जिद्दी!

शेजारी एक खाला राहायच्या, त्यांचे यजमान ट्रक चालवायचे. मी पाणी कशात न्यायचं या विचारात होते, तर खाला ट्रकावरची छागल घेऊन आल्या. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. बाहेरून पाझरत राहते आणि आत पाणी माठासारखं गार होतं. मला बाजारातून नवी आणायची होती. खालांनी कपाळाला हात लावला. "नवी नक्को गे, नवी टपकती. आधी रातभर भिगानी पडती. ये ले जा, पुरानी है, मुरी हुई है." आणि मग आईकडं बघून, "अम्मा, इत्ती धूप में? पागल हुए क्या मां-बेटी?" आईला हिंदी धड येत नव्हती, पण तिनं तोंडभर हसून मान हलवली. हौ, हौ. आता पागलच झालोय म्हणायचं!

जाताना ह्यांनी एक पुरचुंडी माझ्या हातात दिली. उघडली तर आत ह्यांचे लोकरीचे पायमोजे. वैशाखात! मला हसूच आवरेना. हे गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "लेण्यात चपला बाहेर काढाव्या लागतात. दगड तव्यासारखा तापतो. आईंना घाल." मी हसले, पण पिशवीत टाकले. पुढं त्या पायमोज्यांना मी किती दुवा दिला ते माझं मलाच माहीत.

पहिल्या गाडीनं निघालो. छागल खिडकीबाहेर बांधली होती, तिचं पाणी वाऱ्यानं उडून मागच्या माणसाच्या तोंडावर जायचं आणि तो म्हणायचा, "बरं वाटतंय बाई, राहू द्या." फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं. रानं उघडी, काळी, नांगरून पडलेली, कडेला एखादा पळस. आई खिडकीशी बसून मला सारखी विचारत होती. "आता काय दिसतंय? डोंगर दिसतो का? निळा हाय का काळा?" घाट उतरायला लागलो तेव्हा तिनं माझा दंड धरला तो सोडलाच नाही. फर्दापूरला उतरलो तर तिनं वाकून रस्त्याची माती हाताला लावली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "चल चल, ऊन चढतंय. त्या लेण्यात ऊन दुपार कलल्यावर टाकता येतं. तवर वर जाऊन बसू."

दरीत शिरल्यावर कळलं हे का घाबरत होते. अंगाची लाही लाही व्हायला लागली. कातळातून वाफ आल्यासारखी झळ यायची. पंचा ओला करून डोक्यावर टाकला की पाच-दहा पावलांत कोरडा. पायऱ्या चढताना मी दर वळणाला आईला बसवत होते, पन्हं पाजत होते, आणि ती प्रत्येक वेळी तोंड पुसून म्हणायची, "झालं, उठ." पायमोजे घातलेली, नऊवारी ओचा खोचलेला, कपाळावर ओला पंचा, अशी माझी आई एखाद्या पोरीसारखी भराभरा चढत होती. धाप मला लागली होती!

लेण्यापाशी एक आरसेवाला होता. तिशीतला माणूस, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, आरसा त्याच्याएवढा उंच. मी त्याला सांगितलं की माझे आजोबा इथं आरसा धरायचे. त्यानं गाव विचारलं, आडनाव विचारलं. ओळख पटली नाही, पण माणूस खुलला. "मग माय, तुम्ही आमच्यातल्याच की! आत जा तुम्ही. आज असं ऊन टाकतो की डोळं दिपतील."

आई उंबऱ्यावर थांबली. लहानपणी तिनं तो उंबरा कायम बाहेरूनच बघितला होता. मग माझा हात सोडून, भिंत चाचपत, एकटी आत गेली. आतल्या कापडवाल्यानं आम्हाला एका भिंतीसमोर उभं केलं, खाली पांढरं कापड पसरलं आणि बाहेर हाक मारली. दारातून उन्हाचा झोत आत आला. कापड असं पेटलं म्हणून सांगू! आणि भिंतीवर बायका, हत्ती, फुलं, झाडं, सगळं एकदम उठून उभं राहिलं. मी ओरडलेच. "आई! बघ, बघ! ती बघ तिथं!"

आईनं मान पुढं केली, डोळे बारीक केले.

"दिसली का?"

"पांढरं दिसतंय," ती म्हणाली. "सगळं पांढरं हाय."

मी म्हटलं, थांब, डोळे सरावतील. आई म्हणाली उजेड कमी पडत असेल. आणि मग ती स्वतःच दाराकडं तोंड करून ओरडली, "वर! थोडं वर! आता डावीकडं!" ज्या हाका तिनं लहानपणी बाहेर उभं राहून ऐकल्या, त्या आता ती आतून देत होती, आणि आवाज असा खणखणीत की आतली बाकीची माणसं वळून बघायला लागली. बाहेर आरसा हलला. उजेड भिंतीवर वर गेला, डावीकडं सरकला. "अजून! अजून टाक, बाबा!" आरसेवाल्यानं जोडीदाराला हाक मारली, दोघांनी दोन आरशांतून ऊन टाकलं. इतका उजेड झाला की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईनं दोन्ही हातांनी डोळे चोळले, पुन्हा उघडले, पुन्हा चोळले.

"पांढरंच हाय गं," ती म्हणाली. "धुकं पडल्यासारखं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर काढू? मी दारात जाऊन आरसेवाल्यावर ओरडले, हात हलतोय तुझा, नीट धर! तो बिचारा घामानं निथळत होता. म्हणाला, "बाई, आरसा जागचा हलला नाय बघा." आणि खरंच हलला नव्हता. मी आत आले. आई भिंतीपासून दूर, एका खांबाला टेकून खाली बसली होती. हात मांडीवर ठेवलेले. मी तिच्यासमोर बसले, छागलीतलं पाणी दिलं. ती प्यायली नाही.

"जाऊ दे," ती म्हणाली. "नशिबात नाय ते नाय. आणि ते ऑपरेशनचंबी आता राहू दे. बाई दिसली असती तर गोष्ट वेगळी होती."

एवढं ऊन, एवढा घाट, एवढ्या दशम्या, आणि हे? मी उठून उगीच बाहेर गेले, पुन्हा आत आले, पुन्हा बाहेर. काय करावं सुचेना. आणि तेवढ्यात दरीच्या वरच्या अंगाला आभाळ काळं व्हायला लागलं. वळवाचं आभाळ! वारा सुटला, वाळलेली पानं आणि धूळ उडून आत यायला लागली. बघता बघता सूर्य ढगात गेला. आरशातलं ऊन विझलं. आरसेवाल्यानं आरसा भिंतीला उलटा टेकवला आणि मला म्हणाला, "आता काय खरं नाय, बाई. गेलं ऊन. आज काय आता निघत नाय हे."

आतली माणसं कुरकुर करत बाहेर पडली. कापडवाल्यानं कापड झटकून घडी केली. तोही दारात जाऊन आभाळ बघत बसला. वाटलं होतं थोड्या वेळानं डोळे सरावतील, पुन्हा एकदा बघू, आता तेही गेलं. दारात टपोरे थेंब पडायला लागले. तापलेल्या दगडावर थेंब पडला की चर्रकन आवाज यायचा. मी उंबऱ्याशी उभी राहून त्या पावसाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. मेल्या, तुला आजच यायचं होतं?

मागून आई म्हणाली, "हात उजवाच वर धरलाय का गं तिनं?"

मी म्हटलं, "कुणी?"

"बाईनं."

मी वळले. बाहेरच्या उजेडातून आत बघितलं तर मला काळोखाशिवाय काही दिसेना. आई खांबाला टेकून बसलेली, तेवढी पुसट आकृती. तिचा हात भिंतीकडं उठला होता.

"आई, काय म्हणतेस?"

"अगं, ती बघ की! काळीसावळी हाय, मान अशी वाकडी केलीय. डाव्या हातात आरसा. गोल हाय आरसा. बाजूला एक पोरगी ताट घेऊन उभी. दुसरीच्या हातात चवरी हाय बघ. आणि खाली कोण ठेंगणं माणूस हाय गं ते?"

मी धावत तिच्यापाशी गेले. तरी मला दिसेना! मी आभाळ बघून आलेली, माझे डोळे मिटल्यासारखे. म्हटलं, "कुठं? मला नाही दिसत."

"डोळे हाईत का कवड्या?" आई ओरडली. "ती काय समोर! गळ्यात मोत्याची माळ हाय, पोटाला पट्टा हाय. कंबर बघ कशी बारीक. अगं बया बया बया! काय बाई हाय!"

आणि मग हळूहळू मलाही ती भिंत उमटायला लागली. आधी एक खांदा, मग वाकलेली मान, मग आरसा. आई म्हणत होती तशीच. सगळं तसंच! ताट घेतलेली पोरगी होती, चवरीवाली होती, पायाशी ठेंगणा माणूसही होता. एकही गोष्ट ती चुकली नव्हती. मी तिला गच्च मिठी मारली. दोघीही हसत होतो, रडत होतो, काय चाललंय आमचं आम्हाला कळत नव्हतं. कापडवाला धावत आला, त्याला वाटलं आईला काही झालं. मी त्याला म्हटलं, दिसतंय, अरे, दिसतंय तिला! त्यानं एकदा आईकडं बघितलं, एकदा बाहेर पडणाऱ्या पावसाकडं, आणि म्हणाला, "आता अंधारात?"

पुढं डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. काहींचा मोतीबिंदू बाहुलीच्या बरोबर मधे असतो. झगझगीत उजेडात बाहुली आवळते आणि त्या डागाशिवाय काही उरत नाही, सगळं पांढरं. मंद उजेडात बाहुली मोठी होते आणि कडेकडेनं दिसायला लागतं. आम्ही वर्षातलं सगळ्यांत कडक ऊन शोधून काढलं होतं, दोन दोन आरसे लावले होते, आणि तिला तेच नको होतं. पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक होतं! मला एवढंच कळलं की पाऊस आला आणि आईला दिसलं. ज्याला मी शिव्या दिल्या त्याला मनातल्या मनात हात जोडले.

आईनं पोट भरून ती बाई बघितली. जवळ गेली, मागं आली, बसून बघितली, उभी राहून बघितली. मधेच म्हणाली, "बाबानं सांगितलं तसंच हाय. पण ती काय आपल्या उजेडाची वाट बघत नव्हती गं. तिचं आपलं बरं चाललंय." आणि खुदकन हसली. बाहेर पाऊस रिमझिम झाला होता. दरीतून मातीचा वास येत होता आणि खालचा कातळ वाफाळत होता. गाडीची वेळ होत आली होती. मी पिशव्या उचलल्या, म्हटलं, चल आता.

उंबऱ्याबाहेर ओवरीत आलो. आभाळ करडं होतं, सावळा उजेड सगळीकडं सारखा पसरलेला. मी पुढं, आई मागं. डोक्यावरचा पंचा पिळायला मी काढला आणि पदर मागं पडला. आईनं मला हाताला धरून थांबवलं. आपल्याकडं वळवलं. मगाशी त्या बाईकडं बघत होती तशीच ती माझ्याकडं बघायला लागली, मान वाकडी करून, लक्ष देऊन. मला वाटलं माझ्या तोंडाला काही लागलंय.

"अगं," ती म्हणाली, "तुझे केस पिकले."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "झाली दोन-तीन वर्षं. सगळ्यांचे पिकतात."

"दर आठवड्याला तेल लावती मी ह्या डोक्याला," आई म्हणाली. तिनं माझ्या कानशिलावरचे केस बोटांत धरले, डोळ्यांजवळ नेले. मग माझ्या डोळ्यांखाली अंगठा फिरवला, गालावरून, हनुवटीवरून. "हे कधी झालं गं? कुणी मला सांगितलं कसं नाय? केवढीशी होतीस माझ्या डोळ्यांपुढं."

पायऱ्यांवर पावसाचं पाणी वाहत होतं. आईनं माझा पदर माझ्या डोक्यावर नीट ओढून दिला आणि म्हणाली, "त्या डॉक्टरला म्हणावं, दोन्ही डोळे कर. एक करून भागायचं नाय. मला तुझ्याकडं नीट बघायचंय."